१११११११११ चा वर्ग: खरा कोणता, आणि त्यात आहे तरी काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठवीतली मुलगी शाळेच्या प्रकल्पासाठी नुसत्या एकांच्या संख्यांचे वर्ग स्प्रेडशीटमध्ये काढत होती. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१, असं छान चाललं होतं. नऊ एकांपाशी मात्र स्प्रेडशीटने १२३४५६७८९८७६५४३०० दाखवलं. दादाने छोटा प्रोग्रॅम लिहून पाहिला, त्यात शेवट ३२० आला. पुस्तकात ३२१ छापलेलं आहे. वडील विचारतात, यातलं खरं कोणतं, आणि या एका संख्येवर प्रकल्पात आणखी काय लिहिता येईल?

खरं उत्तर पुस्तकातलं, १२३४५६७८९८७६५४३२१. पण ‘पुस्तकात आहे म्हणून’ हे कारण मुलीला देऊ नका. कुठल्याही यंत्राशिवाय दोन मिनिटांत निवाडा होतो आणि तो तिला स्वतः करता येईल.

आधी स्प्रेडशीटचं उत्तर घ्या. शेवटी दोन शून्यं आहेत. ती पुसली तर उरलेली संख्याही पूर्ण वर्ग असायला हवी. उरतं १२३४५६७८९८७६५४३, आणि त्याचा शेवटचा अंक ३. कोणत्याही वर्गाच्या एकं स्थानी २, ३, ७ किंवा ८ येत नाही. म्हणजे ही संख्या १११११११११ चाच काय, कुठल्याच पूर्णांकाचा वर्ग नाही. दादाच्या उत्तराच्या शेवटी एकच शून्य आहे. वर्गाच्या शेवटी शून्यं येतात ती जोडीने, म्हणून तेही बाद. अंकांच्या बेरजेनेही पडताळा घेता येतो. १११११११११ ची अंकबेरीज ९, म्हणून ती ९ ने विभाज्य, म्हणून तिचा वर्ग ८१ ने विभाज्य हवा. ३०० ने संपणाऱ्या उत्तराची अंकबेरीज ७८ येते, ३२० ने संपणाऱ्याची ८०. ही दोन्ही ९ नेसुद्धा विभाज्य नाहीत. ३२१ ने संपणाऱ्याची बेरीज बरोबर ८१.

अर्थात चुकीची उत्तरं बाद झाली म्हणून उरलेलं सिद्ध होत नाही. त्यासाठी साध्या कॅल्क्युलेटरवर मावतील असे तुकडे करा. १११११११११ म्हणजे ११११ च्या डावीकडे १११११, म्हणजेच १११११०००० अधिक ११११. आता वर्गविस्ताराचं सूत्र लावा. १११११ चा वर्ग १२३४५४३२१, त्यापुढे आठ शून्यं. १११११ आणि ११११ यांच्या गुणाकाराची दुप्पट २४६८८६४२, त्यापुढे चार शून्यं. ११११ चा वर्ग १२३४३२१. बेरीज मांडा:

१२३४५४३२१००००००००
+ २४६८८६४२००००
+ १२३४३२१
= १२३४५६७८९८७६५४३२१

मग संगणक चुकला का? त्याला दिलेल्या साच्यात मावलं तेवढं त्याने लिहिलं. बहुतेक स्प्रेडशीट आणि जावास्क्रिप्टसारख्या भाषा साध्या संख्येसाठी जो साचा वापरतात, त्यात ५३ द्विमान अंकांपुरती (० किंवा १ अशा अंकांपुरती) अचूकता असते. २ चा ५३ वा घात आहे ९००७१९९२५४७४०९९२. तिथपर्यंतचा प्रत्येक पूर्णांक तंतोतंत ठेवता येतो. त्याच्या पुढे, त्याच्या दुपटीपर्यंत, फक्त सम संख्या ठेवता येतात. आपली संख्या या पट्ट्यात पडते आणि ती विषम आहे. तिला जागाच नाही, म्हणून शेजारची ३२० वाली सम संख्या तिथे बसली. स्प्रेडशीट त्याहून पुढे जाऊन १५ अंकांनंतरचं सगळं शून्य दाखवते. आठ एकांचा वर्ग १२३४५६७८७६५४३२१ बरोबर १५ अंकी आहे, म्हणून तोपर्यंत फसगत झाली नाही. पायथॉनमध्ये पूर्णांकांना ही मर्यादा नाही, तिथे शेवटचा १ दिसेल.

आता संख्येकडे वळू. मी महाविद्यालयात संख्या सिद्धांत शिकवते आणि सुट्टीत शाळेच्या मुलांची शिबिरं घेते. या संख्येपाशी मी दरवर्षी थांबते, कारण इथे दिसणाऱ्या प्रत्येक नवलाला कारण आहे आणि ते आठवीच्या मुलांना समजतं.

पहिलं नवल आकृतीचं. शाळेत आपण उभा गुणाकार करतो तेव्हा पुढच्या ओळीत फुली मारून एक घर डावीकडे सरकतो. १११११११११ ला तिनेच गुणलं तर प्रत्येक ओळ तीच, नऊ एकांची, फक्त एकेक घर सरकलेली. अशा नऊ ओळींचा जिना तयार होतो. उजवीकडच्या टोकाच्या उभ्या रांगेत एकच १, तिच्या शेजारी दोन, मग तीन, मधल्या रांगेत सगळ्या नऊच्या नऊ ओळींचे एक, आणि पुढे पुन्हा उतरत एकापर्यंत. बेरीज करताना एकदाही हातचा येत नाही. म्हणून मोजलेली संख्याच अंक होऊन खाली उतरते.

दहा एक घेतले तर मधल्या रांगेत १० जमतात आणि हातचा येतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. ‘इथे नियम मोडला’ असं मुलं लिहितात. तसं लिहू नये. मधल्या घरात १० आहेत एवढंच. त्याचा ० खाली राहिला आणि १ शेजारच्या ९ ला मिळून तिथेही १० झाले, तो हातचा पुढच्या ८ वर गेला, त्याचे ९ झाले. रांगांची मोजणी तीच आहे, दशमान पद्धतीने लिहिताना ती झाकली गेली.

या वर्गांचं नाव आपल्याकडचं आहे. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी यांना ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हटलं आणि १९३८ मध्ये त्यांवर लेख लिहिला. डेम्लो हे नाव मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरच्या, जुन्या जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या स्टेशनावरून आलं. तिथे ही कल्पना त्यांना सुचली. ते स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली असं सांगतात. रोज लोकलने तिथून ये-जा करणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल, असं मला नेहमी वाटतं.

डेम्लो संख्येची कापरेकरांची कल्पना साधी आहे. संख्येचे तीन भाग करा. मधला भाग एकाच अंकाचा बनलेला, आणि डावा व उजवा भाग मिळवले तर तोच अंक (एकदा किंवा पुन्हा पुन्हा) यावा. १६५ मध्ये १ आणि ५ मिळून ६, मध्ये ६. ४७७७३ मध्ये ४ आणि ३ मिळून ७, मध्ये ७७७. आपल्या संख्येत डावीकडे १२३४५६७८, मध्ये ९, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९. दहा एकांच्या वर्गातही हातचा सोडवून पाहिलं तर डावीकडे १२३४५६७८९, मध्ये १०, उजवीकडे ९८७६५४३२१, आणि १२३४५६७८९ अधिक ९८७६५४३२१ बरोबर १११११११११०, म्हणजे १११११११११ ची दहापट. मध्ये १०, बाजूंची बेरीजही १० च्या पटीत. नियम शाबूत आहे.

कापरेकरांची आणखी एक कल्पना इथे लागू पडते. जी संख्या स्वतःच्या अंकबेरजेने विभाज्य असते तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटलं, हर्ष देणारी. आपल्या संख्येची अंकबेरीज ८१ आणि ८१ ने भाग दिला तर १५२४१५७८९९७१०४१ येतात, बाकी शून्य. म्हणजे ही संख्या हर्षदही आहे. ही भागाकाराची संख्या स्वतः १२३४५६७९ चा वर्ग आहे. त्या १२३४५६७९ कडे पुन्हा यायचं आहे, तिच्यात ८ नाही हे आत्ताच पाहून ठेवा.

जाता जाता, मुलीला ही संख्या मोठ्याने वाचायला लावा. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी दिसते. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त एकं पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. त्या नावांनी वाचली तर: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. परार्धाच्या एक पायरी खाली. स्थानांची नावं पाठ करायला याहून सोपी संख्या मला माहीत नाही, प्रत्येक नावापुढचा अंक आपोआप आठवतो.

आता अवयव. पूर्ण वर्ग आहे म्हणून १११११११११ चे अवयव पाडले की काम झालं. नऊ एक म्हणजे तीन-तीनचे तीन गट, म्हणून १११११११११ = १११ × १००१००१. पुढे १११ = ३ × ३७, आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणून

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

३३३६६७ मूळसंख्या आहे का? इथे बहुतेकजण संगणकाकडे धावतात. सरळ पद्धतीने ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळसंख्यांनी भागून पाहावं लागेल, त्या शंभराहून जास्त आहेत. पण थोडा विचार केला तर १७ भागाकारांत काम होतं. समजा प ही मूळसंख्या ३३३६६७ ला भाग देते. मग ती ९९९९९९९९९ लाही भाग देते, म्हणजे १० च्या नवव्या घाताला प ने भागल्यावर बाकी १ उरते. १० चे घात एकामागून एक घेत गेलं की बाकी १ पहिल्यांदा कितव्या घाताला येते? तो आकडा ९ चा विभाजक हवा, म्हणजे १, ३ किंवा ९. १ असेल तर प ने ९ ला भाग जातो, म्हणजे प = ३. पण ३३३६६७ ची अंकबेरीज २८, म्हणून ३ नाही. ३ असेल तर प ने ९९९ ला भाग जातो, तिथे नवी मूळसंख्या फक्त ३७, आणि ३३३६६७ ला ३७ ने भागल्यावर बाकी १ उरते. राहिला ९. फर्माच्या प्रमेयाप्रमाणे तो आकडा प – १ लाही भाग देतो, आणि प विषम आहे, म्हणून प – १ हा १८ च्या पटीत. अशा ५७७ पर्यंतच्या मूळसंख्या १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. एवढ्या सतराच, त्यात ३७ आधीच तपासून झाली. एकीनेही भाग जात नाही. ३३३६६७ मूळसंख्या आहे. शिबिरात मी सोळा मुलांना एकेक भागाकार वाटून देते आणि बाक्या फळ्यावर लिहून घेते. १६३ वाल्याची बाकी ६ येते, तो हमखास पुन्हा तपासायला जातो.

याच विचारातून आणखी हाती लागतं ते असं: ज्या मूळसंख्येच्या व्यस्ताचा दशांश बरोबर नऊ अंकांनी फिरतो, अशी जगात एकच आहे, आणि ती हीच ३३३६६७. तिचा व्यस्त ०.००००० २९९७ ००००० २९९७ असा फिरत राहतो. हा २९९७ दुसऱ्या वाटेनेही भेटतो. आपल्या संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करा आणि मिळवा: १२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७. ही ९९९ ची तिप्पट आहे, म्हणून आपली संख्या ९९९ ने आणि पर्यायाने ३७ ने विभाज्य. तीन-तीनच्या गटांची ही कसोटी ३७ साठी नेहमी चालते.

सगळे मिळून आपल्या संख्येचे अवयव: ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा. विभाजकांची संख्या ५ × ३ × ३ = ४५.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट आता सांगते. नुसत्या एकांच्या संख्येला ९ ने भाग जायला एकांची संख्या ९ च्या पटीत हवी. म्हणजे १११११११११ ही ९ ने भाग जाणारी पहिली. आणि वर्गात हातचा न येणारी ती शेवटची. पहिली आणि शेवटची एकाच ठिकाणी येते, कारण ९ हा दशमान पद्धतीचा सर्वांत मोठा अंक आहे आणि आपण १ हा अंकही नऊ वेळाच घेतला आहे. या संख्येची उरलेली बहुतेक नवलं या एका जागेतून निघतात.

कशी ते पाहा. १११११११११ भागिले ९ म्हणजे १२३४५६७९. म्हणून वर्ग करताना एका बाजूचा ९ दुसरीकडे देता येतो:

१२३४५६७८९८७६५४३२१ = ९९९९९९९९९ × १२३४५६७९

९९९९९९९९९ म्हणजे शंभर कोटीला एक कमी. म्हणून हा गुणाकार तोंडी होतो: १२३४५६७९ पुढे नऊ शून्यं, त्यातून १२३४५६७९ वजा. वजाबाकीत डावीकडचा ९ एकने कमी होऊन ८ होतो, आणि १२३४५६७९ मधून हरवलेला ८ आपल्या संख्येत परत येतो. उजवीकडे ९८७६५४३२१ उरतात. एवढ्यातच संख्येचे दोन तुकडे पडले, १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. त्यांची बेरीज करा: ९९९९९९९९९.

कापरेकर संख्या ज्यांना माहीत आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. तसं इथे वर्गाचे तुकडे मिळवल्यावर मूळ संख्या येत नाही, तिची नऊपट येते. म्हणून १११११११११ ही कापरेकर संख्या नाही. प्रकल्पात हे स्पष्ट लिहा, कारण दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नावाशी जोडलेल्या असल्याने गल्लत फार होते.

आता ८१ चा व्यस्त. १२३४५६७९ ला ८१ ने गुणलं की ९९९९९९९९९ येतात, म्हणून १ भागिले ८१ = ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… अंक क्रमाने येतात आणि ८ गळतो. तो गळत नाही खरं तर. दशांश स्थानांत ०, १, २, ३ असे सगळे अंक ओळीने बसायला येतात. ८ नंतर ९, त्यानंतर १० येतात, १० चा हातचा ९ वर, त्याचे १० झाले, तो हातचा ८ वर, आणि ८ चा ९ झाला. दहा एकांच्या वर्गात जे घडलं तेच.

मग आपल्या संख्येचाच व्यस्त काढला तर? १ भागिले १२३४५६७८९८७६५४३२१. दशांशचिन्हानंतर नऊ-नऊ अंकांचे गट पाडा:

०००००००००
०००००००८१
००००००१६२
००००००२४३
००००००३२४

वरच्या ओळींत डावीकडची शून्यं नऊ घरं भरण्यापुरती समजा. महत्त्वाचं उजवीकडे आहे: ८१, १६२, २४३, ३२४, पुढे ४०५, ४८६. हा एक्याऐंशीचा पाढा आहे. कारण आपली संख्या म्हणजे ९९९९९९९९९ चा वर्ग भागिले ८१, आणि अशा वर्गाच्या व्यस्तात नऊ-नऊ अंकांच्या घरांमध्ये १, २, ३, ४ अशी मोजणी ओळीने बसते. तिला ८१ ने गुणलं की पाढा झाला. हा पाढा कुठवर चालतो? ८१ × १२३४५६७९ ला ९९९९९९९९९ येतात, घरं भरतात, आणि तिथून दशांश पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणजे १२३४५६७९ गट, प्रत्येकी नऊ अंक. एकूण १११११११११ अंकांनी हा दशांश फिरतो. ज्या संख्येचा वर्ग केला, तीच त्या वर्गाच्या व्यस्ताच्या आवर्तनाची लांबी आहे. पहिल्यांदा हे कागदावर आलं तेव्हा मी ते तीनदा तपासलं. शेवटच्या गटात ९९९९९९९१८ यायला हवेत, तिथे ९९९९९९९१९ येतात. तोच हातचा, तोच ८ चा ९.

भूमितीतही एक सुंदर गोष्ट आहे. १११११११११ कर्ण असलेला, तिन्ही बाजू पूर्णांक असलेला काटकोन त्रिकोण असतो का? कर्णाच्या मूळ अवयवांपैकी ४ ने भागल्यावर बाकी १ उरणारे अवयव यात कामाचे. ३ ची बाकी ३, ३३३६६७ ची बाकीही ३. फक्त ३७ ची १, आणि ३७ इथे एकदाच येतो. म्हणून असा त्रिकोण आहे आणि तो एकच आहे. ३७ कर्णाचा त्रिकोण १२, ३५, ३७. त्याच्या बाजू ३००३००३ पट करा:

३६०३६०३६, १०५१०५१०५, १११११११११

पहिल्या दोघांच्या वर्गांची बेरीज म्हणजे आपली संख्या. १२ आणि ३५ ही जोडी बौधायन शुल्बसूत्रात, ३ आणि ४, ५ आणि १२, ८ आणि १५, ७ आणि २४ यांच्यासोबत नावानिशी आलेली आहे. यज्ञवेदी आखणाऱ्यांच्या दोरीवरची ती जोडी इथे भेटते.

एक विनंती. या संख्येवर शोध घेताना ‘भाग्यशाली अंक’, ‘नऊची गूढ शक्ती’ असा मजकूर पुष्कळ सापडेल. तो प्रकल्पात घेऊ नका. नऊ इथे येतो कारण आपण दहाच्या पायावर मोजतो. आठच्या पायावर मोजलं असतं तर हेच सगळं साताभोवती घडलं असतं, आणि ते मुलीला तिच्या त्याच स्प्रेडशीटवर तपासता येईल, कारण ती संख्या मावते.

आठच्या पायात सात एक, १११११११, लिहा. आपल्या दशमान पद्धतीत ती संख्या २९९५९३. तिचा वर्ग ८९७५५९६५६४९, अकराच अंक, त्यामुळे शेवट कापला जाणार नाही. या वर्गाला ८ ने पुन्हा पुन्हा भागून बाक्या खालून वर लिहिल्या की १२३४५६७६५४३२१ मिळतं. आता २९९५९३ ला ७ ने भागा, भाग पूर्ण जातो, ४२७९९ येतात. त्यांनाही ८ ने भागत जा. बाक्या ७, ५, ४, ३, २, १ येतात, म्हणजे आठच्या पायात १२३४५७. आपल्याकडे ८ गळला होता, इथे ६.